तारेतल्या पावत्या

गिरगावातल्या आमच्या चाळीत खोलीचं भाडं महिना 120 रुपये होतं. जुने मालक गेले आणि त्यांच्या मुलाने भाडं घ्यायचंच बंद केलं. चाळ खूश! बाबा म्हणाले, "तो घेत नाही, तर काय त्याच्या खिशात कोंबायचं?"

शेजारच्या वहिनींनी मात्र पोस्टाची वाट धरली. यजमान गेलेले, घर पोळ्यांच्या कामावर चाललेलं. 120 रुपयांसाठी त्यांना किती लाटावं लागे, ते मी पाहिलंय. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या मालकाच्या नावाने मनीऑर्डर करत. काही दिवसांनी 'घेण्यास नकार' असा शेरा पडून पैसे परत येत. कमिशन बुडे ते वेगळंच. ती चिठ्ठी त्या दारामागच्या तारेत ओवत. तिथेच यजमानांच्या नावाच्या जुन्या पावत्या होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या. परत आलेले पैसे डब्यात जात. मुलाची फी अडली तरी त्यांनी त्या डब्याला हात लावला नाही.

26 महिन्यांनी सगळ्यांना वकिलाच्या नोटिसा आल्या: थकबाकी भरा, नाहीतर खोली खाली करा. वहिनींना वर आणखी एक ओळ होती, भाडेकरू वारले, तुमचा हक्क संपला.

वहिनी तारेसकट वकिलांकडे गेल्या. बाबाही सोबत होते. वकिलांनी एकेक चिठ्ठी सावकाश पाहिली.

"ताई, 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला थकबाकीचं कारण दाखवून काढता येत नाही. आणि यजमान गेले तरी त्यांच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क येतो. तुमची तयारी या तारेत आहे." मग ते बाबांकडे वळले. "तुमची कुठे आहे?"

बाबा खाली बघत राहिले. पैसे केव्हाच खर्च झाले होते.

"नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस आहेत. तेवढ्यात सगळं भरलंत, तर थकबाकीचा दावा लावता येणार नाही."

3,120 रुपये, वर सेस. आईची अंगठी गेली.

पुढच्या पाच तारखेला पोस्टाच्या रांगेत वहिनींच्या मागे बाबा उभे होते. फॉर्म हातात घेऊन ते नुसतेच बघत राहिले. वहिनींनी आपलं पेन पुढे केलं.

"खाली मजकुरात महिना लिहा, भाऊजी. कुठल्या महिन्याचं भाडं, ते स्वच्छ अक्षरात."