देहाची चाल

हैदराबादेत तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. १९१८ साली सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी जे लहानसे केंद्र उघडले, त्याचाच हा वाढलेला वृक्ष होय. १९५८ साली ही संस्था हैदराबादेस आली व १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. अन्नाच्या उणिवेने माणसे कशी खंगतात हे पाहण्यासाठी जन्मलेल्या या संस्थेला, २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या १७ आहारसूत्रांत, स्थूलता टाळण्याचाही उपदेश करावा लागला. एका शतकात प्रश्नाचे तोंड असे फिरले आहे.

अतिस्थूलतेवर आता शस्त्रक्रियेचा उपाय आपल्याकडेही रुळला आहे. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, किंवा जठराची लहानशी पिशवी करून ती पुढील आतड्यास जोडतात. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली होती. परंतु शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या मनात जे सुरू होते, त्याची चर्चा क्वचितच होते. तो रोज सकाळी वजनकाट्यावर उभा राहतो आणि त्या दिवसाचे सुखदुःख आकड्यावर ठरवितो. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो: वजन उतरण्याची गती ही खरोखर मनुष्याची स्वतःची असते काय? ती मंद असेल तर तो दोषी आणि शीघ्र असेल तर तो गुणवान, असे म्हणता येईल काय?

प्रथम देहाचे म्हणणे ऐकू. आरंभी जे वजन झपाट्याने उतरते त्यात, शरीरात साठविलेल्या शर्करेबरोबर धरून ठेवलेले पाणीही पुष्कळ असते. तो साठा सरला की काही आठवड्यांतच काटा बहुधा एकाच आकड्यावर अडून बसतो. पुढे देह लहान होतो तशी त्याची गरजही लहान होते; शिवाय अन्न तुटल्याचे ओळखून देह आपला खर्च आखडता घेतो. दुष्काळात ज्या गुणाने मनुष्यजात तगली, तोच गुण येथे आडवा येतो. वय, मूळचे वजन, मधुमेह, आनुवंशिकता व शस्त्रक्रियेचा प्रकार यांनीही गती बदलते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात, आतड्यास जोडणी केलेल्या रोग्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी सुमारे ३२ टक्क्यांनी घटले; दहा वर्षांनी ही घट सुमारे २५ टक्क्यांवर आली. थोडे वजन परत येणे हाही देहाच्या स्वभावाचाच भाग आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण इतर स्थूल रोग्यांपेक्षा कमी आढळले, हेही विसरता कामा नये.

बरे, शीघ्र गती ही तरी निखळ वरदान आहे काय? वजन फार वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, काही महिने केस गळतात, आणि प्रथिने पुरेशी नसली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वारंवार उलट्या होऊन ब१ जीवनसत्त्व तुटले, तर अशा रोग्याला बेरीबेरी होऊ शकतो. पॉलिश केलेल्या तांदळावर दिवस काढणाऱ्या गरिबांचा जो रोग शोधण्यासाठी ती संस्था निघाली, तोच रोग भरल्या घरातील मनुष्याला गाठू शकतो! ज्याचे अभिनंदन चालले आहे तो कदाचित आतून रिता होत असेल, हे काट्याला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, गती आपली नव्हे असे एकदा म्हटले की आळसाला निमित्त मिळाले. आक्षेप योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर गती व आचरण यांतील भेदात आहे. सावकाश चावून खाणे, ठरलेली प्रथिने घेणे, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे आयुष्यभर न चुकविणे, रोज चालणे, वेळच्या वेळी रक्त तपासून घेणे, हे सर्व मनुष्याच्या हातचे आहे आणि त्यात हयगय झाली तर तो दोष त्याचाच. पण ते सर्व पाळूनही आठवडाभर आकडा हलला नाही, तर त्याला अपराधी ठरविणे हा अन्याय होय. पेरणाऱ्याला मशागतीबद्दल विचारावे; कणसाने भरण्यास किती दिवस घेतले याचा जाब त्याला विचारू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन आणि निराहार या दोन्ही टोकांना योगाचे विघ्न मानले आहे. उतावळेपणाने दोन वेळचे जेवण सोडून काटा हलवू पाहणारा रोगी दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचतो.

या प्रश्नात आप्तेष्टांचाही वाटा आहे. भेटताक्षणी “किती उतरलं?” असे विचारणे आणि दुसऱ्या कोणाचा आकडा ऐकविणे, ही आपली सहानुभूतीची रीत झाली आहे. पंगतीत चार घास खाऊन थांबणाऱ्याला आग्रह करणे हीही तशीच रीत. प्रसादाचा एक कण मिळाला तरी तो पूर्ण मिळाला, असे मानणारे आपण. मग पानावर थोडे वाढून घेणाऱ्याला अवघडल्यासारखे का व्हावे? त्याला विचारायचेच असेल तर जिना चढताना धाप कमी लागते का, झोप नीट लागते का, मधुमेहाची औषधे कमी झाली का, हे विचारावे.

रोग्याने काट्यावर आठवड्यातून एकदा उभे राहिले तरी पुरे. आकडा बरेच आठवडे अडला, अन्न ठरेना किंवा अशक्तपणा वाढला, तर शेजाऱ्याच्या आकड्याकडे न पाहता शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ यांना गाठावे. अनेक वर्षे भार वाहिलेल्या देहाला तो उतरविण्यास त्याचा वेळ घेऊ देणे, हेही त्याच्या उपचाराचेच अंग आहे.