लाल रंगाचं मायलेज

आयर्लंडमध्ये गाडीचं वय लपवता येत नाही. १९८७ पासून इथल्या नंबरप्लेटची सुरुवातच नोंदणीच्या वर्षाने होते. ‘०८-सी’ म्हणजे २००८ साली कॉर्क काउंटीत नोंदलेली गाडी. २०१३ पासून वर्षाचे दोन भाग झाले, ‘१३१’ आणि ‘१३२’. विक्री वर्षभर विभागली जावी म्हणून, असं कारण दिलं गेलं. १३ हा आकडा गिऱ्हाइकाला अशुभ वाटेल ही धास्तीही तेव्हा बोलून दाखवली गेली होती. आपल्याकडे ‘एमएच १०’ पाहून माणूस सांगलीकडचा एवढंच कळतं. इथे पार्किंगमध्ये गाडी लावली की अख्ख्या ऑफिसला तुमची ऐपत कळते, निदान लोक तसा अंदाज बांधतात. ‘चार लोक काय म्हणतील’ ह्या आपल्या घरगुती प्रश्नाला एका सरकारने पत्र्याची पाटी करून दिली आहे.

पहिली गाडी घेताना दिसण्याला किती किंमत द्यायची आणि खर्चाला किती, हा प्रश्न मला गेले सहा महिने पडला होता. प्रश्न वरवर बाजाराचा आहे, पण तो नीतीचा आहे असं आता मला वाटतं.

आधी गरजेचं बोलू. मी रिंगास्किडीत समुद्राच्या लाटांपासून मिळणाऱ्या ऊर्जेवर पोस्टडॉक करते. करार दोन वर्षांचा. गाव म्हणजे बंदर, औषधांचे कारखाने, पवनचक्क्या, नौदलाच्या बेटाकडे जाणारा पूल आणि मधेमधे घरं. बस आहे, पण बसचं वेळापत्रक आणि लाटांच्या टाकीतल्या प्रयोगाचं वेळापत्रक एकमेकांना विचारून ठरलेलं नाही. त्यामुळे गाडी हवी. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, लर्नर परमिट, बारा तासांचं सक्तीचं शिक्षण, मग ड्रायव्हिंग टेस्ट. पास झाल्यावरही दोन वर्षं गाडीला पुढे-मागे लाल ‘एन’ लावायचा, म्हणजे नवशिका. पुण्यात दहा वर्षं विनाअपघात चालवलेली गाडी इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी शून्य. पहिल्या वर्षाचा हप्ता माझ्या बजेटमधल्या गाडीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडला.

यादीत शेवटी दोन गाड्या उरल्या. एक जपानी, पाच दारांची, चंदेरी, कुणाच्याही लक्षात न राहणारी टोयोटा यारिस. दुसरी फियाट ५००. ही २००७ साली आली, १९५७ च्या छोट्या फियाटचा चेहरा घेऊन. गोल डोळ्यांची, दोन दारांची, बघताक्षणी हसू आणणारी. मोटर टॅक्स दोघींचा जवळजवळ सारखाच, वर्षाला २०० युरोंच्या आसपास. पण दुरुस्तीचा खर्च आणि पुढे विकताना येणारी किंमत, ह्या दोन्ही बाबतीत माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने यारिसच्या बाजूने कौल दिला. सांगलीहून बाबांनी तर निकालच दिला: “बाळा, गाडी ही पोचवायला असते. दाखवायला नसते.”

बाबांच्या शब्दाला वजन आहे, कारण त्यांच्याकडे स्वतःची फियाट होती. म्हणजे पद्मिनी, पण आमच्या पिढीपर्यंत कुणी तिला पद्मिनी म्हणत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ती मूळची इटालियन फियाट ११००. पुढे सत्तरच्या दशकात तिला राणीचं नाव मिळालं. बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती आणि डॅशबोर्डमध्ये एक डायरी ठेवली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, रुपये. महिनाअखेरीस दर किलोमीटरला किती पडलं ते लाल शाईने लिहायचे. आकडा वाढला की पुढच्या महिन्यात गाडी कमी निघायची. मिरजेच्या लग्नाला आम्ही एसटीने गेलो, नरसोबाच्या वाडीलाही एसटीनेच. गाडी दारात, ताडपत्रीखाली, चकचकीत. आई पैठणी सावरत स्टँडवर उभी असायची. डायरीतला आकडा मात्र फार सुंदर दिसायचा.

मला ह्यात बाबांची चेष्टा करायची नाही. एका पगारात दोन मुलांचं शिक्षण त्या डायरीनेच झालं. पण काटकसरीचा हिशेब लिहिताना आपण एक रकाना सोडून देतो: ही बचत कुणाच्या पायांवर झाली? त्या डायरीत आईचं उभं राहणं कुठेच नोंदलेलं नाही. शिवाय काटकसर हीसुद्धा एक मिरवण्याची गोष्ट असते. ‘आमची गाडी अठराचं ॲव्हरेज देते’ हे वाक्य बाबा ज्या सुरात म्हणायचे, त्या सुरात लोक सोन्याच्या पाटल्यांबद्दल बोलतात.

हाच सुटलेला रकाना अख्ख्या देशाच्या हिशेबात सापडतो. जुलै २००८ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांवर इथे इंजिनाच्या आकाराप्रमाणे टॅक्स लागतो. दोन लिटरच्या गाडीला वर्षाला ७१० युरो. त्यानंतरच्या गाड्यांना दर किलोमीटरला किती कार्बन डायऑक्साइड सुटतो ह्यावर टॅक्स लागू झाला. डिझेलचं इंजिन एका लिटरमध्ये जास्त पळतं, त्यामुळे तितक्याच मोठ्या इंजिनाची डिझेल गाडी २०० युरोंत बसू लागली. लोकांनी शहाण्या माणसासारखा हिशेब केला आणि काही वर्षांतच नव्या गाड्यांत डिझेलचं बहुमत झालं. हेतू चांगला होता, हिशेबही बरोबर होता. फक्त डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड त्या हिशेबात नव्हते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा जगाला कळलं की चाचणीतले आकडे आणि रस्त्यावरचा धूर ह्यांत किती अंतर असू शकतं. २०२० पासून इथे गाडीच्या नोंदणीकरात ह्या वायूंचाही आकार धरला जातो. मधल्या वर्षांत ज्यांनी टॅक्स वाचवला त्यांना मी दोष देत नाही. पण ‘रनिंग कॉस्ट’ हा आकडा आकाशातून पडत नाही, तो कुणीतरी ठरवतं, आणि त्यात न मोजलेलं बिल फूटपाथवरून चालणारा माणूस श्वासातून भरतो. तेव्हा स्वस्त पडणाऱ्या गाडीला आपोआप नैतिक गाडी समजायला मी तयार नाही.

मग दिसण्याची बाजू खरी? तिचाही पुरावा बंदरापलीकडे, कॉर्क शहरातच आहे. हेन्री फोर्डचे वडील इथल्याच बॅलिनास्कार्थी गावचे; दुष्काळात, १८४७ साली अमेरिकेला गेले. मुलाने १९१७ मध्ये कॉर्कला कारखाना काढला, तो १९८४ मध्ये बंद झाला. फोर्डची मॉडेल टी ही आमच्या बाबांच्या डायरीची गाडी होती: १९०८ साली सुमारे ८५० डॉलरची, पुढे पुढे ३०० डॉलरच्याही खाली आणलेली, १९१४ पासून दहाएक वर्षं फक्त काळी. आणि तिला हरवलं ते जनरल मोटर्सने, रंग आणि दरवर्षी बदलणारं रूप देऊन. १९२७ मध्ये मॉडेल टी थांबली. ऐंशी वर्षांनी आपल्याकडे नॅनोचं काय झालं ते आपण पाहिलंच. स्कूटरवर पावसात भिजत जाणारं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली, २००८ मध्ये लाखाच्या किमतीने जाहीर झालेली गाडी. २०१८ मध्ये उत्पादन संपलं. ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला हे टाटांनीच नंतर मान्य केलं. ज्यांच्यासाठी ती बनवली त्यांना कोरडं राहायचं होतं, पण गरीब म्हणून ओळखलं जायचं नव्हतं.

ह्याला पोकळ दिखावा म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याच्याकडे दाखवायला पीएचडी आहे त्याला. ॲडम स्मिथ हा काही उधळपट्टीचा पुरस्कर्ता नव्हे. पण १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो म्हणतो की त्याच्या काळात साध्या मजुरालाही तागाच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजेच्याच वस्तूंत धरला पाहिजे. नॅनोला जे भोवलं ते हेच. अब्रू ही गरज आहे. फक्त तिची पट्टी दुसऱ्याच्या हातात असते, आणि गाडी विकणारे ती दरवर्षी थोडी थोडी वर सरकवतात.

चार लोकांसाठी घेतलेलं रूप आणि स्वतःसाठी घेतलेलं रूप ह्यांत मात्र मी फरक करते. गाडी लावून निघाल्यावर, पार्किंगमध्ये चिटपाखरू नसताना, आपण मागे वळून तिच्याकडे बघतो का? बघत असू, तर त्या आनंदाचे पैसे द्यायला हरकत नसावी, पैसे आपले असतील तर. दोन वर्षांच्या करारावर पाच वर्षांचं कर्ज काढलं की ते पैसे आपले उरत नाहीत. ते ज्या नोकरीचा अजून पत्ता नाही तिचे असतात. नवरा म्हणाला, “म्हणजे ऋण काढून सण नको, एवढंच ना?” एवढंच. पण बिनकर्जाचा सणही नको, असं त्या म्हणीत कुठे म्हटलेलं नाही.

फियाट मी चालवून पाहिली. खरंच वळून बघितलं, दोनदा. मग मागच्या सीटवर बसून पाहिलं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. पुढची सीट वाकवून, अंग चोरून तिने मागे शिरायचं, तेही रॉस्कॉफची फेरी निघण्याच्या गर्दीत, मागे हॉर्न वाजत असताना. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिथेच माझा निर्णय झाला. ती एकदा स्टँडवर उभी राहिली आहे.

यारिस घेतली. २०१२ ची, पेट्रोलची, कर्ज न काढता. चंदेरी मिळत होती. तीनशे युरो जास्त देऊन लाल घेतली. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. मग विचारलं, “लाल रंगाचं मायलेज काय?”

ते दोघं ऑगस्टमध्ये येणार आहेत. सामानाच्या यादीत भाजणी, मेतकूट आणि एक कोरी डायरी आहे. पुढच्या सीटवर आई बसेल, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.