किल्ल्याच्या आश्रयाने: ख्रिस्ती धर्म, शस्त्र आणि सत्ता

ख्रिस्ती धर्म आणि युद्ध यांच्या संबंधाची चर्चा बहुधा ख्रिस्ती माणसाने शस्त्र उचलावे की नाही या प्रश्नापासून सुरू होते; परंतु दापोली तालुक्यातील केळशीच्या आसपासचा किनारा डोळ्यांसमोर ठेवला, तर त्याआधीचा एक प्रश्न पुढे येतो, तो असा की ज्याने आपले शस्त्र खाली ठेवले आहे त्याने दुसऱ्या कोणाच्या शस्त्राच्या आश्रयाने उपदेश करावा काय. केळशीच्या उत्तरेला सावित्रीच्या मुखावर बाणकोट आहे आणि दक्षिणेला हर्णै व सुवर्णदुर्ग आहेत. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातील सुवर्णदुर्ग घेतला, त्यापाठोपाठ बाणकोटही शरण आले, आणि पुढच्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे कायमचे गेले. मराठ्यांनी ज्याला हिंमतगड म्हटले होते, तो किल्ला इंग्रजी कागदांत फोर्ट व्हिक्टोरिया झाला. याच किल्ल्याच्या पायथ्याशी १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी रेव्हरंड डोनाल्ड मिचेल यांनी काम सुरू केले.

मिचेल मिशनरी होण्यापूर्वी कंपनी सरकारच्या पायदळात लेफ्टनंट होते. अधिकारपद सोडून ते स्वदेशी परतले, धर्मोपदेशाची दीक्षा घेतली आणि ज्या इलाख्यात तलवार बांधून वावरले होते त्याच इलाख्यात पवित्र शास्त्र घेऊन आले. त्यांना पुण्यात बसायचे होते, परंतु पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती आणि ब्राह्मणवर्ग बिथरेल अशी धास्ती मुंबई सरकारला वाटत असल्यामुळे पुण्याची परवानगी मिळाली नाही. म्हणून मिशनचे ठाणे कोकणात पडले. त्याच वर्षी मिचेल वारले. बाणकोट आणि हर्णै ही ठाणी मात्र त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवली, आणि १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही चौपाटीसमोर उभे आहे, त्यांनीही मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले.

सैनिकाने शस्त्र टाकून धर्मसेवेला लागणे ही ख्रिस्ती परंपरेतील फार जुनी घटना आहे, आणि तिचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेदही तितकेच जुने आहेत. डोंगरावरील प्रवचनात येशूने शत्रूवर प्रीती करण्यास सांगितले, हे खरे. परंतु शुभवर्तमानांतच एका रोमी शताधिपतीच्या, म्हणजे शंभर शिपायांवरील नायकाच्या, विश्वासाची वाखाणणी आहे आणि त्याला नोकरी सोडण्यास कोणी सांगितलेले नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही शिपायांना लुबाडणूक न करण्याचा आणि आपल्या पगारात समाधान मानण्याचा उपदेश केला, पलटण सोडण्याचा नव्हे. यावर भर देणारे लोक पौलाच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात, कारण तिथे राज्यकर्त्याच्या हातातील तलवारीला ईश्वरी अधिष्ठान दिलेले आहे. पौल ज्या राज्याविषयी लिहीत होता त्या राज्यात ख्रिस्ती लोकांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती, ही गोष्ट मात्र तो अध्याय पुढे ज्यांनी ज्यांनी वापरला ते सोयीस्करपणे विसरले.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखक सैन्यावर नाराज होते यात शंका नाही, पण त्यांची नाराजी नेमकी कशावर होती हे पाहण्यासारखे आहे. कार्थेजच्या तर्तुल्यनाने तिसऱ्या शतकाच्या आरंभी, माथ्यावर पुष्पमुकुट घालण्यास नकार देणाऱ्या एका शिपायाचा कैवार घेऊन एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्यात रक्तपाताचा मुद्दा येतो, परंतु शिपायाला घ्यावी लागणारी शपथ, निशाणांची पूजा आणि सम्राटाला द्यावा लागणारा देवासारखा मान यांचा मुद्दा त्याहून कमी ठाशीव नाही. १८३८ मध्ये मद्रासचे सरसेनापती सर पेरेग्रीन मेटलंड यांनी पदत्याग केला तो याच धर्तीवर. देवळांच्या उत्सवांना कंपनीच्या फौजेने मानवंदना द्यावी ही प्रथा त्यांच्या ख्रिस्ती सदसद्विवेकाला रुचली नाही. मात्र त्याच फौजेने देश जिंकावा, याने तो विवेक अस्वस्थ झाल्याचे दिसत नाही. मूर्तीपुढे झुकणारी बंदूक पाप आणि माणसावर रोखलेली बंदूक कर्तव्य, ही विभागणी आज चमत्कारिक वाटली तरी तिच्यामागे सोळा शतकांची परंपरा होती.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला अभय दिले आणि शतक संपण्यापूर्वी तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. तेव्हा सत्ता ही परक्याची वस्तू उरली नाही. मग ऑगस्टीनने आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ज्याला न्याय्य युद्धाचा सिद्धान्त म्हणतात तो घडवला. युद्ध तीन अटींवर निर्दोष ठरते असे अक्वायनस मानतो: ते अधिकृत राज्यकर्त्याने पुकारलेले असावे, त्याचे कारण न्याय्य असावे आणि लढणाऱ्याचा हेतू शुद्ध असावा. या अटींवर युरोपात ग्रंथांच्या राशी पडल्या, परंतु बाणकोटच्या बुरुजाखाली त्यांतली पहिलीच अट डळमळते. अधिकृत राज्यकर्ता कोण, हे ज्या तहाने ठरले तो तह दोन सत्तांमधला होता आणि ज्यांच्यावर राज्य चालायचे त्यांना कोणी विचारले नव्हते. या किनाऱ्याला हा अनुभव नवा नव्हता. इथून दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदाने लुटून जाळले, आणि तो ज्या पोर्तुगीज राज्याचा व्हाइसरॉय होता त्या राज्याला पोपच्या १४५५ च्या आज्ञापत्राने विजयाचे आणि धर्मप्रसाराचे अधिकार एकाच वेळी बहाल केले होते.

स्कॉटिश मिशन याहून निराळे होते, कारण त्याने कोणावर तलवार चालवली नाही आणि सरकारनेही त्याला आनंदाने जवळ घेतले नाही. तरीही राज्याची ओढ किती सूक्ष्म असते हे त्याच मिशनच्या जॉन स्टीव्हनसन यांच्या आयुष्यात दिसते. मराठीचे व्याकरण लिहिणारे आणि सामवेदाचे भाषांतर करणारे हे विद्वान १८३४ मध्ये मिशन सोडून कंपनीचे चॅप्लेन, म्हणजे सरकारी पगारावरचे धर्मगुरू, झाले. मिचेल पलटणीतून मिशनमध्ये आले, स्टीव्हनसन मिशनमधून सरकारी सेवेत गेले, आणि या दोन वाटा मधे कुठे एकमेकींना छेदतात हे त्या काळच्या गावकऱ्याला सांगण्याची गरज नसावी. धर्माने राजाश्रय घेणे ही ख्रिस्ती लोकांचीच खोड होती, असेही नाही. खुद्द केळशीच्या याकूबबाबांच्या दर्ग्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिल्याचे परंपरा सांगते. फरक एवढाच की इनाम देणारा राजा बाबांचा अनुयायी नव्हता, आणि बाबा त्याच्या राज्याबरोबर समुद्रापलीकडून आले नव्हते.

शस्त्रत्यागाची शिकवण सर्वांच्या कानी सारख्याच अर्थाने पडत नाही, हे दापोलीने चांगले पाहिले. दापोलीचा कॅम्प हा पेन्शनर शिपायांचा गाव होता, आणि त्यात महार शिपायांची घरे पुष्कळ होती. ज्यांना गावात पाणवठा मोकळा नव्हता त्यांना पलटणीत हुद्दा, शाळा आणि पेन्शन मिळे. म्हणूनच महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. तलवार पाप आहे हे ऐकण्यापूर्वी ती हाती यावी लागते, असा हा युक्तिवाद होता, आणि अहिंसावादी ख्रिस्ती विचाराने त्याला पुरेसे उत्तर दिलेले आढळत नाही.

इंग्रजी सत्तेच्या न्याय्यतेविषयी जो प्रश्न बाणकोटला कोणी विचारला नाही, तो विचारणाऱ्या मिशनऱ्यांपैकी एकाची सुरुवातही कोकणातच झाली. १९१४ मध्ये एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनतर्फे जॅक विन्स्लो कोकणात आले. ज्या दापोलीत या मिशनची शाळा होती, तिथे पुढे धर्मशास्त्राचे इतिहासकार झालेले पां. वा. काणे आणि नंतर साने गुरुजी शिकले. विन्स्लो यांनी कोकणातच जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचे चरित्र लिहिले, १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा केला. या संघात १९२७ मध्ये दाखल झालेले इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन यांनी १९३० मध्ये सत्याग्रह आणि ख्रिस्त यांच्या नात्यावर पुस्तक लिहून, डोंगरावरील प्रवचन खरे मानणाऱ्याने गांधींच्या बाजूने उभे राहावे असे प्रतिपादन केले. इथे वादाचा विषय हत्या हा नव्हता, कारण सत्याग्रही हत्या करतच नव्हता. वाद रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा होता, म्हणजे राज्याची आज्ञा मोडणारा देवाची आज्ञा मोडतो की पाळतो, याचा.

१९३२ मध्ये एल्विन इंग्लंडला गेले असता, राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्याखेरीज त्यांना हिंदुस्थानात परत येऊ देण्यास सरकार तयार होईना. त्यांनी तसे लिहून दिले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी शामराव हिवाळे यांच्यासह मैकल डोंगरातील ज्या गोंडांमध्ये ते राहायला गेले होते, त्यांच्यात परतले. तीन वर्षांनी त्यांनी धर्मगुरुपदही सोडले.