गाणी उरली, संगीत कुठे गेलं?

‘शोले’च्या संवादांची तबकडी ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय पार्श्वसंगीताची तबकडी आहे, असं माझं जुनं मत आहे. १९७५ साली चित्रपट आला, गाण्यांची रेकॉर्ड निघाली आणि पॉलिडोरने संवादांचीही एल.पी. काढली. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या कर्ण्यावर, चहाच्या टपरीवर ती वाजत राहिली आणि गब्बरची वाक्यं पोराटोरांना पाठ झाली. लोकांनी ती घेतली सलीम-जावेद यांच्या लेखणीसाठी आणि अमजद खानच्या आवाजासाठी. पण संवाद चित्रपटाच्या ध्वनिपटावरूनच उचललेले असल्यामुळे वाक्यांच्या मागून आणि मधल्या फटींतून राहुल देव बर्मन यांचं पार्श्वसंगीतही त्यांच्यासोबत आलं. वाद्यसंगीताची तबकडी ज्यांनी जन्मात विकत घेतली नसती, त्यांच्या कानांत सिनेमाचं संगीत असं चोरवाटेने शिरलं. मित्रमंडळीत कुणी गब्बरची नक्कल करू लागला की वाक्याच्या आधीचे ते अंगावर येणारे सूरही तोंडाने काढायचा, हे माझ्या पिढीने पुष्कळदा पाहिलं आहे.

भानू गुप्ता यांनी वाजवलेली माउथ ऑर्गनची ती धून आठवा. जय पायरीवर बसलेला आहे, समोरच्या सज्ज्यात राधा एकेक दिवा मालवते आहे. दोघांत एक शब्द होत नाही. त्या नात्याबद्दल जे काही सांगायचं ते त्या एवढ्याशा वाद्याने सांगितलं आहे. चित्रपटातल्या एखाद्या गाण्याइतकीच ती धून लोकांच्या ओळखीची झाली. तरीही चित्रपट आला तेव्हा बर्मन यांचं ‘शोले’साठीचं सगळं पार्श्वसंगीत, संवाद बाजूला ठेवून, नीट लावून ऐकता येईल अशी तबकडी निघाली नाही. हिंदी सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाची ही गत, मग बाकीच्यांचं काय झालं असेल?

मला सिनेमाची गाणीही आवडतात. पण माझा जीव अडकला आहे तो गाण्यांच्या मधल्या संगीतात. गाण्यांच्या बाबतीत आपण फार श्रीमंत आहोत, ती आपण जपली, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली, त्यांचे कार्यक्रम केले. त्याच संगीतकारांनी त्याच चित्रपटांसाठी केलेलं दुसरं काम मात्र आपण सांभाळलं नाही, आणि ते गेलं याची हळहळही फारशी कुणाला वाटत नाही. ते संगीत प्रसिद्ध होणं ही संग्राहकांची चैन आहे असं समजलं जातं. मला ते मान्य नाही. संगीतकाराने चित्रपटाबद्दल काय विचार केला होता, हे त्यातूनच कळतं.

हे का घडलं त्याचं कारण व्यवहारात आहे. गाणी चित्रीकरणाच्या आधी ध्वनिमुद्रित होत, त्यांचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे जात, आणि कंपनीला ती विकायची असल्यामुळे ती सांभाळणं तिच्या हिताचं होतं. पार्श्वसंगीत अगदी शेवटी, चित्रपटाचं संकलन झाल्यावर होई. पडद्यावर रीळ लावायचं, वादक समोर बसलेले, संगीतकार किंवा त्याचा अरेंजर दृश्याची लांबी मोजून कागदावर सूर उतरवणार, दोन-तीन तालमी आणि टेक. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असे. मग हे संगीत संवाद आणि इतर आवाजांत मिसळून अंतिम ध्वनिपट तयार होई. संगीताचा वेगळा ट्रॅक उरलाच तर तो निर्मात्याच्या गोदामात जाई. चुंबकीय फितीला मुंबईची दमट हवा मानवत नाही. काही वर्षांत तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि मग यंत्रावर चढेनाशी होते.

ज्या चित्रपटांत गाणीच नव्हती त्यांची अवस्था आणखी वाईट. बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रा यांच्या ‘इत्तेफाक’ (१९६९) या दोन्ही चित्रपटांचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. गुलजार यांच्या ‘अचानक’ला (१९७३) संगीत दिलं ते आपल्या वसंत देसाईंनी. ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ यांचे संगीतकार म्हणून मराठी माणूस देसाईंना मानतो, त्यांच्या चाली आजही गातो. पण गाण्याचा आधार काढून घेतल्यावर हाच माणूस नुसत्या सुरांनी गोष्ट कशी पुढे नेतो, हे तपासायचं तर ‘अचानक’कडेच जावं लागतं, आणि त्यासाठी अख्खा चित्रपट लावून संवादांच्या मागे कान द्यावा लागतो. देसाईंच्या चालींवर लिहिणाऱ्यांनी या बाजूकडे वळायला हवं होतं.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चं (१९५५) संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत पुरं केलं, हे प्रसिद्धच आहे. त्या संगीताच्या मूळ धूनवर आधारलेली रचना १९६२ साली तबकडीवर आली, पण ती कॅलिफोर्नियातल्या ‘वर्ल्ड पॅसिफिक’ या कंपनीची, आणि त्यात बड शँक हा अमेरिकन जॅझवादक बासरी वाजवतो. ती मला मनापासून आवडते. पण तिच्यात हरिहर आणि सर्वजया यांच्या घरातलं दारिद्र्य नाही, दुर्गाच्या मरणानंतरचा तारशहनाईचा आक्रोश नाही. ती एका उत्तम सतारवादकाची आठवण आहे, चित्रपटाचं संगीत नव्हे.

हा फरक पाश्चात्त्य देशांतल्या रसिकांनी फार गंभीरपणे घेतला. तिथेही सुरुवातीला सारं आलबेल नव्हतं. बर्नार्ड हर्मनने ‘सायको’साठी (१९६०) फक्त तंतुवाद्यं वापरली. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. हर्मनने तरीही लिहिलं, आणि ते ऐकून हिचकॉकने आपला विचार बदलला. एवढं गाजलेलं संगीत, पण चित्रपटाबरोबर त्याची तबकडी आली नाही. १९७५ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, हर्मनने लंडनच्या वाद्यवृंदाकडून ते पुन्हा वाजवून घेतलं. त्या ध्वनिमुद्रणाबद्दल मला आदर आहे, पण त्याची लय संथ आहे. चित्रपटात सुरीसारखे लागणारे ते व्हायोलिनचे फटकारे तिथे जरा बोथट होतात. स्वतः संगीतकार समोर उभा असूनही चित्रपटाच्या दिवशी स्टुडिओत जे घडलं ते पुन्हा घडत नाही. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जपायचं.

जपायचं सगळं, पण छापायचंही सगळं का? इथे माझं मत माझ्यासारख्याच अनेक चाहत्यांना रुचत नाही. ‘फिल्म स्कोअर मंथली’, ‘इंट्राडा’, ‘ला-ला लँड’ यांसारख्या छोट्या अमेरिकन कंपन्यांनी जुन्या स्टुडिओंच्या कपाटांतून फिती शोधल्या, दुरुस्त केल्या आणि मर्यादित प्रती काढल्या. सोबत जाड पुस्तिका, वादकांची नावं, प्रत्येक तुकडा कुठल्या दृश्याला आहे त्याची नोंद. हे काम फार मोलाचं आहे. त्यातूनच ‘संपूर्ण’ आवृत्तीचा आग्रह वाढला, अगदी वीस सेकंदांचा तुकडाही हवा, तोही चित्रपटातल्या क्रमाने. अभ्यासकाला हे हवंच. ऐकणाऱ्याला मात्र संगीताची रचना लागते. जॉन विल्यम्सने ‘जॉज’ची १९७५ची तबकडी चित्रपटातून उचलली नाही. त्याने ऐकण्यासाठी नव्याने रचना बांधल्या आणि त्या पुन्हा वाजवून घेतल्या. चित्रपटातलं मूळ संगीत २००० साली निघालं तेव्हा ते मी अधाशासारखं ऐकलं, त्यातून खूप शिकलो. पण समुद्राची मौज आणि भीती एका सुरावटीत गुंफलेली अनुभवायची असेल तर आजही मी जुनी तबकडीच लावतो. ती संगीतकाराने श्रोत्यासाठी संपादित केलेली आहे, आणि संपादन हीही सर्जनाचीच पायरी आहे.

या संगीताची चित्रपटावर किती पकड असू शकते, याचा एक दाखला मला नेहमी द्यावासा वाटतो. ‘ई.टी.’च्या (१९८२) शेवटच्या पाठलागाचं आणि निरोपाचं संगीत चित्राशी काटेकोर जुळवताना विल्यम्सचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हा स्पीलबर्गने पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि मैफलीत वाजवावं तसं मोकळेपणाने वाजवायला सांगितलं. मग त्या संगीताप्रमाणे त्याने चित्रपटाचंच संकलन बदललं. पडद्यावर आपण जे पाहतो त्यातल्या कित्येक फ्रेम संगीताने ठरवल्या आहेत. असं संगीत ‘पार्श्व’भूमीला ढकलून कसं चालेल?

याच्या उलट टोकाला अॅलेक्स नॉर्थची कहाणी आहे. क्युब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी त्याने चाळीसेक मिनिटांचं संगीत लिहिलं, लंडनमध्ये वाजवून घेतलं. क्युब्रिकने संकलनाच्या वेळी तात्पुरत्या लावलेल्या रिचर्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस आणि लिगेटी यांच्याच रचना कायम ठेवल्या. आपलं संगीत गाळलं आहे हे नॉर्थला १९६८ मध्ये चित्रपटाच्या पहिल्या खेळालाच कळलं. १९९३ मध्ये त्याचा मित्र जेरी गोल्डस्मिथ याने ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं, आणि २००७ मध्ये नॉर्थचं मूळ ध्वनिमुद्रण इंट्राडाने काढलं. ते ऐकल्यावर माझं ठाम मत झालं की क्युब्रिकचा निर्णय बरोबर होता. आकाशात फिरणाऱ्या यानाला ‘ब्लू डॅन्यूब’मुळे जी निवांत, अमानवी शोभा येते ती नॉर्थच्या संगीताने आली नसती. नॉर्थ माणसाच्या बाजूने लिहीत होता, त्याच्या सुरांत कुतूहल आहे, उबही आहे. पण हे मत बनवण्याचा हक्क मला मिळाला तो ती तबकडी निघाल्यामुळे. एका न बनलेल्या चित्रपटाची चाहूल त्यात लागते. आपल्याकडे किती संगीत असं गाळलं गेलं असेल? त्याचा पुरावाच कुणी ठेवला नाही.

वनराज भाटिया यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मुंबईत जन्मलेला हा माणूस लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकला, परत येऊन जाहिरातींची जिंगल्स करू लागला, आणि ‘अंकुर’पासून (१९७४) श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचा आवाज झाला. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या ‘भूमिका’त (१९७७) त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंचे निरनिराळे काळ संगीतातून उभे केले. नुसत्या वेशभूषेने ते जमलं नसतं. ‘मंथन’ची (१९७६) प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मोठ्या कष्टाने पूर्ववत केली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. याचा मला खूप आनंद झाला. चित्राची एकेक चौकट धुऊन पुसून लख्ख होते, तेव्हा ध्वनीवरही काम होतंच. त्याच वेळी संगीताचा ट्रॅक कुठे आहे का ते शोधून, उरलेलं स्वतंत्रपणे काढलं तर? ‘मंथन’ म्हटलं की अमूलच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोचलेलं प्रीती सागर यांचं गाणं तेवढं लोकांना आठवतं. भाटियांचं बाकीचं काम त्या एका गाण्याच्या सावलीत राहिलं.

मराठीत तर विरोधाभास आणखी ठळक आहे. ‘फँड्री’ (२०१३) म्हटलं की ज्या गाण्याची आठवण निघते, ते जाहिरातीसाठी केलेलं होतं, चित्रपटात ते नाहीच. चित्रपटात आहे ते अलोकनंदा दासगुप्ता यांचं संगीत. किती जणांना हे नाव सांगता येईल? ‘सैराट’च्या (२०१६) वेळी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद वापरला, आणि त्याची चर्चा झाली ती गाण्यांच्या अंगाने. त्या चित्रपटाचा शेवट निःशब्द आणि संगीतविरहित आहे. आधी इतके भरघोस सूर ऐकवले नसते तर ती शांतता इतकी जीवघेणी झाली नसती. संगीत कुठे थांबवायचं हाही संगीताचाच निर्णय असतो, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’त पार्श्वसंगीताला फाटा देऊन फक्त प्रसंगातले आवाज ठेवले होते. आजच्या मराठी-हिंदी चित्रपटांत पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एक सलग घरघर चालू असते. दिग्दर्शकाने संकलनाच्या वेळी परदेशी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं आणि संगीतकाराकडे ‘असंच’ मागितलेलं असतं. त्यामुळे दहा चित्रपटांचा आवाज एकच येतो. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांपासून पार्श्वसंगीताचा वेगळा मान नियमित झाला, तेव्हा पहिला मान इलैयाराजांना ‘पळश्शिराजा’साठी मिळाला. हे योग्यच झालं. पण पुरस्कार मिळालेलं संगीत ऐकायला मिळत नसेल तर त्याची चिकित्सा कशी होणार?

आता तबकडी छापायचा खर्च उरलेला नाही. स्ट्रीमिंगवर कुठलंही संगीत चढवता येतं, आणि काही निर्माते पार्श्वसंगीत चढवतातही. पण बहुतेक वेळा सुट्या तुकड्यांची रांग असते, नावं दृश्यांची, वादकांचा उल्लेख नाही, अरेंजरचा तर नाहीच. मला हवी आहे ती ‘अचानक’ची पस्तीस-चाळीस मिनिटांची आवृत्ती, ‘भूमिका’ची, भास्कर चंदावरकरांच्या ‘सामना’ची आणि आनंद मोडकांच्या ‘२२ जून १८९७’ची. प्रत्येकीबरोबर वादकांची यादी हवी. मुंबईच्या या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते, पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे आणि लिहिणारे. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले, कर्सी लॉर्ड २०१६ मध्ये, भानू गुप्ता २०१८ मध्ये, वनराज भाटिया २०२१ मध्ये. सत्तरच्या दशकात तरुण असलेले त्यांचे सहकारी आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर चित्रपट लावून कुठल्या रिळाला कोण बसलं होतं हे विचारून घ्यायचं, घरातल्या ट्रंकेत नोटेशनचे कागद असतील तर त्यांच्या प्रती काढायच्या, आणि पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्या ठेवायच्या. एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागाने दोन-तीन विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रक दिला तरी हे काम येत्या वर्षी सुरू करता येईल.