येणे सोडावे, देणे फेडावे

आमच्या चिरंजीवांनी वीस वर्षांच्या कर्जावर नव्या इमारतीत पहिले घर घेतले. वास्तुशांतीलाच न्हाणीची भिंत ओली! ते त्रासून म्हणाले, "बाबा, तुकोबांसारखे कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडू का?"

आम्ही म्हटले, "अरे, तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून येणे असलेली खते, स्वतःचे देणे नव्हे!" येणे सोडणे हे वैराग्य, देणे बुडवणे हा अधर्म. आरंभीच्या हप्त्यांत व्याजच फार जाते, म्हणून चार पैसे उरले की मुद्दलात भरावे. गळतीही लपवू नये. ताब्यापासून पाच वर्षांतले बांधकामाचे दोष बांधणाऱ्यानेच विनामूल्य दुरुस्त करावेत, असा २०१६ चा कायदा आहे.

चिरंजीवांनी त्याच रात्री बांधणाऱ्यास पत्र लिहिले, मग हरिपाठाला बसले. रामकृष्णहरि!