रतामाच्या झुडुपाखाली

कर्मेल डोंगरावर जिंकलेला संदेष्टा एलिया ईजबेल राणीच्या धमकीने खचतो. सेवकाला बैर-शेबात सोडून तो एकटाच रानात जातो आणि रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. परमेश्वराने त्याला अल्पविश्वासी म्हटले नाही. दूताकरवी भाकर आणि पाणी पाठवले. प्रवचन नव्हे, भाकर!

आपण मात्र एखादी बहीण महिनोन्महिने मिस्सेला दिसली नाही, की 'तिची श्रद्धा कमी झाली' म्हणून मोकळे होतो. घरचे सांगतात, जपमाळ कर, बरे वाटेल. जपमाळ करावीच, पण त्यासाठी मधुमेहाच्या गोळ्या आपण बंद करतो का? मग मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे हा प्रभूवरचा अविश्वास कसा? गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही तीन शिष्यांची सोबत मागितली. खरी अडचण 'लोक काय म्हणतील' ही, आणि ते लोक म्हणजे आपणच.

आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य मिळते. पण खचलेल्याला फोन उचलण्याचेही बळ उरत नाही. दुखणेच तसे असते. एलिया दूताला शोधायला गेला नव्हता. शिवाय पहिल्या वेळी खाऊन तो पुन्हा झोपला, तरी दूत रागावला नाही, दुसऱ्यांदा आला. आपण एकदा बेल वाजवतो, दार उघडले नाही की जिना उतरतो.