धर्माच्या गायीचे दात

रिसोडला दिवाळीच्या सुटीत पुतण्या संगणकावर अर्ज लिहीत होता. लेखनप्रणाली मुक्त, कुणीही फुकट वापरावी, सुधारावी अशी. एक जोडाक्षर मात्र फुटून बसले. “कळव की!” मी म्हटले. तर आधी खाते उघडा; मग आवृत्ती कोणती, काय केल्यावर बिघडले, सारे इंग्रजीत भरा. “राहू द्या काका, धर्माच्या गायीचे दात कशाला मोजायचे?”

मला पटेना. मोझिलाने १९९८ साली खुली केलेली ‘बगझिला’ ही तक्रारवही घ्या. तिचे प्रश्न निरर्थक नाहीत. दोष पुन्हा घडवून पाहिल्यावाचून कारागीर दुरुस्ती करणार कशी? गावविहिरीचा कठडा ढासळलेला पाहून गप्प बसणारा दोषीच. पण सांगायला आलेल्याची गवंडीकामात परीक्षा घेणारा?

अखेर मी मराठीत सांगत गेलो, तो इंग्रजीत उतरवीत गेला. तोवर चहा निवला होता.